रुजू होण्याआधीची बैठक

मंडळी, आज मोताळ्यात माझ्या पुतणीने, स्वातीने, मला गप्प बसवलं.

तिला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, सही उद्या. पण अर्धांगवायूनंतर तिच्या आईचा, म्हणजे माझ्या वहिनींचा, व्यायाम रोज दुपारी तीच करून घेते, म्हणून काम घरूनच हवं.

संस्कृत शिकलेल्या या काकाने, म्हणजे मीच, सल्ला दिला, "मौनं सर्वार्थसाधनम्. आधी रुजू हो, मग विचार."

"काका, सोयरीक जुळवताना तुम्ही बैठकीत सारं आधी लिहून घेता ना? मंग नोकरीतच काऊन लाजायचं?"

आणि तिने कंपनीच्या मॅडमना स्पीकरवर फोन लावला. "मॅडम, महिन्यातून एक आठवडा पुण्यात येईन, बाकी घरून. दुपारचा दीड तास आईचा, तो संध्याकाळी भरून काढीन. जमत नसेल तर आजच सांगा, मी सही करणार नाही."

वहिनी पलंगावरून फोनकडे एकटक बघत होत्या.

"चालेल," मॅडम म्हणाल्या.

"मेलवर लिहून पाठवता?"

मेल आला, तेव्हा कुठे ती वहिनींना म्हणाली, "चाल आई, पाय लांब कर."

मी मात्र नोकरीचा हुकूम हातात पडताच निमूट रुजू झालो होतो. मुलगी जन्मली तेव्हा नोकरीच्या गावी होतो, घरी नव्हतो. आधी विचारता येतं, हे मला आज कळलं.

तुमच्यापैकी कोणी विचारलं होतं का हो?