पेजेपुरतं घर

टेम्पोत सामान चढवताना आईने आमचा नवा कुकर हातात घेऊन विचारलं होतं, "यातनं भाताची पेज कशी निघंल रं, दत्ता?"

"तिकडं पेज कोण पितं, आई?" मी म्हणालो. तिने कुकर टेम्पोत ठेवला.

गेलो कुठं, तर हिंजवडीतल्या नोकरीसाठी मारुंजीला. तालुकासुद्धा बदलला नाही, मुळशीच. गावात राहिलेले म्हणतात, जवळच तर आहेस. परदेशी गेलेल्यांना याला स्थलांतर म्हणणंच पटत नाही. पण मुळशीतून मुळशीत आलो आणि मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

कंपनीत आलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ताण कमी करायचा तक्ता दिला. मी तो काटेकोर पाळतो. तेल चमच्याने, डाळ काट्यावर, मीठ ग्रॅममध्ये. तक्त्यात रात्रीचं जेवण साडेसातला आहे, तेही शांत मनाने. साडेसातला मी हिंजवडीच्या चौकात हॉर्न वाजवत असतो. त्यासाठी बाईंनी तक्त्यात रकाना ठेवलेला नाही.

घरी पोचतो तेव्हा पोटात खड्डा पडलेला असतो. दारातच सुरू होतो: चपला अशा का, दिवा चालू का. बारावीतली लेक, सई, माझी चाहूल लागली की ताट घेऊन खोलीत जाते. एकदा विचारलं, तर म्हणाली, "उपाशीपोटी तुम्ही बाबा नसता, ट्रॅफिक पोलीस असता."

मुलगी बापाबरोबर जेवत नाही, हे कुठल्या तक्त्यात बसवू? वैतागून गावी आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "सईकडं दे."

गावी वडील शेतावरून तणतणत आले की आई त्यांच्यापुढं पेजेची वाटी धरायची. "आदी ही प्या, मंग कुनाला काय बोलायचं ते बोला." वाटी रिकामी होईपर्यंत ते अर्धं भांडण विसरलेले असायचे.

दुसऱ्या दिवशी बायकोने कुकर न लावता पातेल्यात भात टाकला होता. मी चपलांवरून तोंड उघडलं, तोच सईने वाटी पुढं केली.

"मीठ?" मी विचारलं.

"चिमूटभर. डाळीतून वजा केलंय."

चौक तसाच आहे, गोळीही चालूच आहे. मी अजून चिडूनच घरात शिरतो. फक्त वाटी हातात असेपर्यंत मी बोलत नाही आणि सई टेबलावरून उठत नाही. सध्या माझं घर तेवढंच आहे. म्हणून पेज सावकाश पितो.