रवितासाठी अजून सोपं पुस्तक

चहा आधी संपवा बरं का, नाहीतर ऐकता ऐकता नाकातून येईल! हुशार पोरांसाठी पुस्तकं निवडावीत तर मीच, असं मला आत्ताआत्तापर्यंत वाटायचं. त्या वाटण्याचं काय झालं ते सांगतो.

मी शहाद्याकडचा, तापीकाठचा. घरी अहिराणी. बदली झाली ती थेट मोलगीच्या पुढे, डोंगरात. शाळेत मी नवीन, अजून वर्गही मिळाला नव्हता. तेवढ्यात नंदुरबारला हुशार मुलांसाठी निवासी वर्ग निघाला. शाळेतून एकच नाव पाठवायचं, आणि त्या मुलाकडून आधी चांगली पुस्तकं वाचून घ्यायची. काम कोणाकडे? अर्थात रिकाम्या माणसाकडे! मी ट्रंकभर पुस्तकं जीपच्या टपावर बांधून आणली.

"सातवीतली रविता. तिच्यासारखी दुसरी नाही," वळवी मॅडम म्हणाल्या. मॅडम तिथल्याच, मुलांशी त्यांच्या पावरी बोलीत बोलणाऱ्या.

मी रविताला सगळ्यात जाडजूड विज्ञानाचं पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी पुस्तक घेऊन हजर!

"वाचलंस?"

"हां."

"सगळं? मग सांग बरं, काय आहे त्यात?"

तिने पुस्तक माझ्याकडे वळवून धरलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "जमिनीच्या... खाली... लई... गरम आहे."

बस्स? एवढ्या ठोकळ्यातून एवढंच? मी मनात म्हटलं, झेपलं नाही बिचारीला. मराठी काही तिच्या घरची भाषा नाही, आपणच घाई केली. मोठ्या मायेने निम्म्या जाडीचं दिलं. ते दुपारच्या खिचडीआधी परत!

"यात काय आहे?"

"राजा आहे. राजा... वाईट आहे."

अरे देवा! मग मोठ्या अक्षरांचं दिलं. मग चित्रांचं. पुस्तकं पातळ होत गेली तशी पोरगी माझ्याकडे बघून खुश व्हायला लागली. मान काय डोलवायची! शेवटचं पुस्तक कोणतं होतं, सांगू? पानभर हत्ती आणि खाली लिहिलेलं, 'हत्ती'. ते तिने दारातच उघडलं, मिटलं आणि माझ्या हातात देत म्हणाली, "सर, हे चांगलं आहे. हेच ठेव तू."

तिकडे मोठ्यांनाही 'तू'च म्हणतात. मला ते गोड वाटायचं. पण मी ठरवलं, हिचं नाव पाठवायचं नाही. मुलाखतीत पोरीची शोभा कशाला?

मॅडमना तसं सांगितलं तर त्या उठल्याच. "सर, जरा शाळेच्या मागे चला."

मोहाच्या झाडाखाली पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली बसलेली. मध्ये रविता. तिने राखेचा डोंगर केला होता, त्याला वर भोक, आणि पावरीत धाडधाड सांगणं चाललं होतं. मला शब्द कळेनात. तेवढ्यात तिने "धडाम!" म्हणून राख उडवली आणि पोरं किंचाळली.

"हे काय आहे?"

"तुमचं जाडं पुस्तक. रोज एक धडा सांगते."

"अहो, पुस्तक तर ट्रंकेत आहे!"

"तिच्या डोक्यात पण आहे."

अंगावर काटा आला हो! एका रात्रीत मराठीत वाचलेलं, आणि न अडखळता पावरीत सांगत होती. एवढ्या वर्षांत असं पोर मी पाहिलं नाही.

"मग मलाच का असं तोडून तोडून सांगते?"

मॅडमनी पदर तोंडाला लावला. "ती म्हणते, सरांना मराठी बोलता येतं थोडं, पण वाचायला जड जातं."

"काय?"

"तुम्ही खिडकीत उभे राहून घरी फोन करता ना..."

करतो! तिथेच रेंज येते. बायकोशी काय छापील मराठीत बोलू? "हां, जेवण व्हई गयं. पोरेसले पुस्तकं दी ऱ्हायनू," असंच बोलणार ना माणूस!

"तिला वाटलं, सरांची घरची भाषा आपल्यासारखीच वेगळी. म्हणून तर रोज विचारतात, पुस्तकात काय आहे. आणि जाड झेपत नाही म्हणून पातळ पातळ काढतात. हत्तीवर आलात तेव्हा म्हणाली, आता सर वाचायला लागतील!"

नाव त्याच दिवशी पाठवलं. मुलाखतीत रविता अशी खणखणीत बोलली की बाहेर बसून माझेच डोळे भरून आले. निवड झाली! मॅडमनी तिला माझ्याबद्दल समजावून सांगितलं होतं. पण तिला वाटलं, सर लाजतो म्हणून मॅडम असं सांगतात.

जायच्या दिवशी तिने ट्रंक उघडायला लावली. बराच वेळ शोधून एक पातळ पुस्तक काढलं. "हत्ती झाला ना? आता हे वाच. अडलास तर चित्र बघ."

जीप गेल्यावर मी जिद्दीने विज्ञानाचं जाडं पुस्तकच काढलं. खरं सांगू? ते मी नुसतं मुखपृष्ठ बघून आणलं होतं, आत कधी डोकावलोच नव्हतो. तिसऱ्या पानावर अडलो. चित्र शोधलं, तर चित्रच नाही!

आता रविता दिवाळीला घरी येईल तेव्हा विचारीन. तोवर मी हत्तीवरच आहे.