सुजाताने लिहून ठेवलेल्या एकवीस बायका

बातमी आली तेव्हा मी इन्स्टिट्यूटच्या कॅन्टीनमध्ये बटाट्याचं सूप पीत बसलो होतो. सकाळी कामावर येताना, हिरवा सिग्नल असताना, उजवीकडे वळणाऱ्या एका ट्रकने सुजाताच्या सायकलला उडवलं होतं. तासाभरात सगळ्यांना ई-मेल आला. ‘एक कष्टाळू सहकारी आपण गमावली’, आणि त्याच्याच खाली, तिच्या टेबलाची चावी कुणाकडे जमा करायची त्याची सूचना. याला आता दोन महिने होतील. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही. मी संतापलेलो आहे, आणि त्यातला बराचसा संताप माझा माझ्यावरच आहे.

सुजाता भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची. जर्मनीत ड्रेस्डेनला पीएचडीसाठी आली. मी पुण्याचा, दहा वर्षं इथेच, प्रयोगशाळेत जमा होणारी सगळी माहिती सांभाळणं हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्यातली भाजी चाखून तिने विचारलं, “दादा, तिखट टाकायचं विसरले काय जी?” तेव्हापासून ती माझी धाकटी बहीण झाली, मला विचारून नव्हे.

तिचा विषय होता पेरू देशातल्या जंगलातलं एक गाव. ॲमेझॉनला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी ते आहे. वरच्या अंगाला सोनं शोधणारे नदीत पारा सोडतात, पारा माशांत उतरतो आणि माशांतून माणसांत. माणसाच्या केसांत तो सापडतो. म्हणून तिने तिथल्या एकवीस बायकांचे केस तपासायला आणले. आमच्या इन्स्टिट्यूटच्या जिन्यात त्या नदीच्या वळणाचा भिंतभर फोटो आहे. पाहुणे आले की त्याच्यासमोर उभे राहून ‘वुंडरश्योन’ म्हणतात… सुंदर आहेच म्हणा. त्या फोटोत दवाखान्याचं कुलूप दिसत नाही. नर्स होडीने दोन दिवसांच्या अंतरावर राहते आणि पेट्रोल मिळालं तरच येते, हेही दिसत नाही. ज्या पाण्यात भांडी घासायची तेच प्यायचं, पोरांना बारमाही हगवण, पावसाळ्यात शाळेच्या फळ्यांखाली नदी आणि उन्हाळ्यात होडी गाळातून ओढत न्यायची. होडी मोठ्या गावाला गेली की तिकडून सुजाताचे आवाजी निरोप यायचे. जेवण काय, तर मासा आणि कसावा, म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंद. “इथं रोजच एकादशी आहे दादा, अन् मी बौद्धाची पोर, जन्मात उपास धरला नाही.” हसायची. मग म्हणायची, “नदीकाठच्या गावाचं काय असते ते मला सांगू नका. सगळ्यांची घाण खाली येते, अन् खाली आपणच राहतो.”

निकाल आले. गरोदर बाईने मोठे, दुसऱ्या माशांना खाणारे मासे टाळावेत, छोटे खाल्ले तर चालतील, एवढाच त्यांचा अर्थ होता. ते सुजाताने गावाला केव्हाच कळवलं होतं. पण असं मोघम सांगून जाणारे तिथे पुष्कळ येऊन गेलेत. आपल्या नावाचा, आपला स्वतःचा आकडा हातात असेल तरच मोठ्या गावातल्या इस्पितळात कुणी उभं करतं. आमचे प्रोफेसर म्हणाले, शोधनिबंध छापून येईपर्यंत काहीही बाहेर जाणार नाही. तिने प्रत्येक मीटिंगमध्ये तोच प्रश्न विचारला. प्रत्येक वेळी तिला सांगण्यात आलं की तिची तळमळ समजते. ज्यांना काहीही करायचं नसतं त्यांना तळमळ फार लवकर समजते.

आणि आता माझी करणी. नमुन्याचा नंबर आणि त्या बाईचं नाव यांची यादी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची, असा डाटेनशुट्झचा नियम, म्हणजे कुणाची खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून. सुजाता बहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेली असताना ती मुदत संपली. या देशात दहा वर्षं राहून मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो, फ्रिस्ट म्हणजे फ्रिस्ट, मुदत एक दिवसही हलत नाही. मी यादी काढून टाकली आणि प्रोफेसरांना ‘एर्लेडिग्ट’, काम झालं, असं एका शब्दात कळवलं. वर स्वतःवर खूशही झालो.

“दादा, नावं कुठं आहेत?” परत आल्यावर तिने विचारलं.

“मुदत संपली होती. काढून टाकली.”

“बॅकअप?”

“तोही.”

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “मला एक फोन केला असता.”

यावर मी नियम सांगत बसलो. आज तो प्रसंग आठवला की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते. त्यानंतर ती डब्याला येत राहिली, बोलत राहिली, पण त्या बायकांबद्दल माझ्यापाशी एक शब्द काढला नाही.

तिच्या आईवडिलांना वेळेत व्हिसा मिळाला नाही. ती पेटीतून नागपूरला गेली आणि खोली रिकामी करायला मी गेलो. खोलीचीही मुदत होतीच. टेबलाच्या खणात दोनशे पानी वही सापडली, भंडाऱ्याहून आणलेली. एका पानावर एक बाई. वर तिचं नाव, मराठीत. खाली नमुन्याचा नंबर, यादी गेल्यावर तिने आठवून लिहिलेला, आणि लाल शाईने निकाल. ‘रोसा. तीन पोरं. हसते फार.’ ‘इर्मा. नवरा सोन्याच्या कामावर, परत आला नाही.’ जुलैत ती सुट्टी काढून स्वतः ही पानं घेऊन जाणार होती, हे मला त्या वहीतून कळलं. मला सांगितलं नाही, कारण मी वहीही निकालात काढली असती. खरंच काढली असती.

सतराव्या पानावर नेली होती. ‘पाचवा महिना. कुणाशी बोलत नाही, माझ्याशी बोलली.’ सतरा नंबरचा आकडा मला पाठ होता. आमच्या तक्त्यातला तो सगळ्यात मोठा आकडा. प्रोफेसर भाषणात तो लाल करून दाखवत आणि श्रोते हळहळत. ते मूल आता चालत असेल. चालत असेल ना?

वहीचं कळल्यावर प्रोफेसर सौम्यपणे म्हणाले, ती जमा करा, नियमानुसार नष्ट करावी लागेल. मी ‘नाइन’, नाही, म्हणालो. माझ्या कराराचं पुढे काय, ते त्यांनी वकिलांना विचारलं आहे. विचारोत.

एकवीस बायकांची एकवीस पत्रं मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये लिहिली. तिथल्या शाळेवर आता इंटरनेट आलंय, शिक्षकाकडे ती पाठवली आणि सुजाता गेल्याचंही कळवलं. आठ दिवसांनी त्याचा आवाजी निरोप आला. वीस पत्रं हातोहात दिली होती. नेली मूल घेऊन नदीच्या खालच्या अंगाला गेली होती, तिचं बहिणीने ठेवून घेतलं.

पुढे तो जे बोलला ते मी चारदा ऐकलं. त्या गावात आपले केस परक्याच्या हाती कुणी देत नाही, गळलेला केससुद्धा घरच्या चुलीत घालतात. बायका नाहीच म्हणत होत्या. तेव्हा सुजाताने सुरी मागून आपली वेणी कापली आणि गावच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हातात दिली. म्हणाली, तुमचे केस माझ्याकडे, माझे तुमच्याकडे, निकाल आणीन तेव्हा परत न्यायचे. सुईणीने ती वेणी चुलीवर, ओल लागू नये म्हणून, आढ्याला टांगून ठेवलीय. आता निकाल आले. तर बायका विचारत होत्या, वेणी तिच्या आईकडे पाठवायची, की आमच्या माणसांच्या केसांसारखी इथल्या चुलीत घालायची?

मी भंडाऱ्याला फोन लावला. वडिलांनी फोन आईकडे दिला. सगळं ऐकून घेतलं.

“एकदा जाळली जी तिला,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा काऊन? राहू द्या म्हणा तिथंच.”

मी तसं कळवलं. वेणी सुईणीच्या चुलीवर आहे, धुरात. नेलीचं पत्र अजून बहिणीकडेच आहे.