सुधाकरभाऊंची लाल ओळ

सुधाकरभाऊ गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली खोटी होती, आणि ती मीच गावभर केली. भाऊ खरोखर गेले त्याला आज सव्वा महिना झाला. फोन वाजला की आधी नाव वाचते, नाही वाजला तर उगाच उचलून बघते... बजाजनगरातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बसून हे लिहितेय, आणि एवढ्यात तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

भाऊ कारखान्यात मशीनवर होते. शिफ्ट सुटली की रिकामा डबा माझ्या काउंटरवर ठेवायचे, स्टूल ओढायचे आणि कॉम्प्युटरसमोर बसायचे. आधी ब्लॉग लिहायचे. नळाला पाणी कधी येणार, कंपनीच्या बसचा थांबा कुठं हलला, असलंच सगळं. मग लोक फेसबुकवर गेले, तसे भाऊही गेले आणि आमचं ‘कोपऱ्यावरची खबर’ हे पान सुरू झालं. बातम्या ते लिहायचे, कार्डं मी बनवायचे. वाढदिवस, सत्कार आणि सगळ्यात जास्त श्रद्धांजली. कमेंटमध्ये भांडायची त्यांना भारी खोड. एकदा पाण्याच्या टाकीवरून एका अनोळखी माणसाशी तासभर वाद घातला, आणि तो निघाला त्यांचाच मेहुणा! आठवडाभर घरात चहा मिळाला नाही म्हणायचे.

पान नवं होतं तेव्हा त्यांनी चितेगावच्या एका निवृत्त गुरुजींवर श्रद्धांजली लिहून टाकली होती. कुणीतरी सांगितलं, यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः दुकानात हजर, लेखाची प्रिंट मागायला. “लई चांगलं लिवलंस रे. आजवर कुणी असं बोललं नाय माझ्याबद्दल.” हसावं की जमिनीत गडप व्हावं, आम्हाला कळेना. पण पायरी उतरताना ते वळले आणि म्हणाले, “माझी लेक मात्र सासरहून अनवाणी पळत आली. तिला काय सांगू?” भाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. दोन दिवस ते दुकानाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि माझ्या श्रद्धांजली-कार्डाच्या नमुन्यात, झेंडूच्या माळेखाली, लाल अक्षरांत एक ओळ टाईप केली. ‘घरी फोन केला का?’ दर वेळी कार्ड करताना ती ओळ हातानं खोडायची, आणि फोन झाल्याशिवाय खोडायची नाही, असा दंडक घातला.

त्या दंडकापायी आम्ही कायम मागं. बाकीच्या पानांवर फोटो लागलेला असायचा, लोक हात जोडून मोकळे झालेले असायचे आणि आमचे भाऊ फोन कानाला लावून उभे. मी चिडायचे. “भाऊ, आपण हमेशा शिळंच देतो.” “असू दे शिळं. त्या घरात कुणाला अजून ठाऊक नसंल तर? आपल्या कार्डावरून कळावं का त्यांना?” मी तोंड वाकडं करून पुढच्या कार्डाला लागायचे.

मग भाऊंच्या फुप्फुसात पाणी झालं, दवाखान्यात ठेवलं. मंगलवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, दवाखान्याच्या सवलतीसाठी लागणारं रेशन कार्ड आणायला एका दिवसासाठी गावी वैजापूरला गेल्या होत्या. दुपारी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, ‘सुधाकरभाऊ गेले.’ मी मोठ्यानं रडायला लागले. आणि खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी मनात आलं, भाऊंची बातमी दुसऱ्या कुणाच्या पानावर आधी लागता कामा नये. माया म्हणा, हाव म्हणा... रडत रडत फोटो लावला, माळ घातली, लाल ओळ खोडली. हाताला इतकी सवय झाली होती की ती वाचलीसुद्धा नाही.

गेला होता शेजारच्या खाटेवरचा, दुसराच सुधाकर. अर्ध्या तासात मी कार्ड काढलं, पण तोवर ते शंभर ठिकाणी गेलेलं. वैजापूरहून निघालेल्या बसमध्ये वहिनींच्या फोनवरही पोचलेलं. त्यानंतर दवाखान्याचं दार गाठेपर्यंत त्यांनी कुणाचाच फोन घेतला नाही. कशाला घेतील? त्यांच्या लेखी भाऊ गेलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. भाऊंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “बघितलं कार्ड. फोटो बरा लावलास.” मी त्यांचे पाय धरले. दम खात ते म्हणाले, “घरी फोन केला व्हतास का, संगीता?” मी मान हलवली, नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत. डोळे मिटले आणि म्हणाले, “मंगल बसमधी एकटी व्हती गं...” तीच आमची शेवटची भेट.

तीन दिवसांनी सकाळी ते खरंच गेले. वहिनींनी मेसेज करून एवढंच कळवलं, “आता खरं हाय.” दुसऱ्या पानांनी फोटो लावले. खाली लोक विचारत होते, ‘या वेळी नक्की ना?’ जन्मभर खात्री करत बसलेल्या माणसाच्या मरणावर कुणाचा भरवसा बसेना, आणि हे माझ्यामुळं. मी कार्ड तयार केलं. पण टाकायला हात धजावला नाही.

गेल्या गुरुवारी वहिनी दुकानात आल्या, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढायला. भाऊंच्या स्टुलावर बसल्या. मी म्हटलं, “वहिनी, माफ करा मला.” त्या दाखल्याकडंच बघत म्हणाल्या, “बसमधी लई रडले मी. पोचले तर हे डोळे उघडे ठेवून बघत व्हते माझ्याकडं. देवाला हात जोडले. पण खरंच गेले, तवा डोळ्यातून टिपूस आलं नाय. रडू तिथंच बसमधी सांडून गेलं सगळं. बाया बघत व्हत्या माझ्याकडं, ही कसली बायको म्हणून.” मग त्यांनी विचारलं, “ह्यांच्या पानावर ह्यांचा फोटो का नाय लावला?”

मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. भाऊंचा फोटो, माळ, आणि खाली ती ओळ, तशीच. “वहिनी, ही खोडवत नाही.”

त्यांनी ती बोट ठेवून, सावकाश वाचली. पिशवीतून फोन काढला. माझा फोन काउंटरवर वाजायला लागला. मी उचलून कानाला लावला. हातभर अंतरावर बसलेल्या वहिनी माझ्याकडं बघत फोनमध्ये बोलल्या, “संगीता, घरून बोलते. मी मंगल. आमचे हे गेले गं...”

आणि फोन कानाला तसाच धरून त्यांना रडू फुटलं.