शनिवारचे दोन गोल

क्रॉयडनच्या सुलक्षणा दातारांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही याचा त्यांना थोडा अभिमानच होता. तरीही २००२च्या ऑगस्टमध्ये पॅराग्वेचा एक फुटबॉलपटू त्यांच्या घरी राहायला आला. मुलगा यतीन नोकरीसाठी बेसिंगस्टोकला गेला आणि वरची खोली रिकामी पडली. जवळच एक लहानसा क्लब होता, तिसऱ्या पायरीवरच्या लीगमध्ये कसाबसा तग धरून असलेला. असे क्लब आपल्या परदेशी पोरांना हॉटेलात ठेवत नाहीत, एखाद्या घरात जेवणाखाणासकट ठेवतात. मुरलीधररावांना खेळाचं वेड. त्यांनी बायकोला न विचारता होकार कळवून टाकला, आणि बाईंनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला.

पोरगा एकवीस वर्षांचा. नाव अन्सेल्मो. आजोबा इटलीहून पॅराग्वेत गेलेले, त्यामुळे त्याच्याकडे इटलीचा पासपोर्ट होता आणि कामाच्या परमिटची कटकट नव्हती. फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा, असं मुरलीधररावांनी समजावलं तेव्हा बाईंनी त्याच्या काटकुळ्या पायांकडे पाहिलं आणि याला आधी खायला घालायला हवं, असा निकाल दिला. महिन्याभरात अन्सेल्मोचा अन्या झाला. यतीनचे मित्र बाईंना काकू म्हणत, म्हणून तोही काकू म्हणायला लागला. बोलणं सगळं इंग्रजीत, दोघांचंही मोडकंतोडकं, पण अडत काही नव्हतं.

एका चतुर्थीला त्याने साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि घास तोंडात तसाच ठेवून थांबला. त्यांच्याकडे ज्या कंदावर माणसं जगतात, त्याच कंदाचा हा साबुदाणा, हे मग कळलं. पिलार नावाच्या त्याच्या नदीकाठच्या गावात आई तो कंद उकडून त्याला सरावाला जाताना द्यायची. त्यानंतर बाई उपास नसतानाही खिचडी करू लागल्या. मुरलीधरराव म्हणाले, आमच्यासाठी कधी झाली नाही ती.

मैदानावर मात्र त्याचं काही खरं नव्हतं. पहिला सीझन जवळजवळ सगळा बाकावर गेला. इथले बचावपटू कपाटाएवढे. चिखलात त्याचा पाय रुतायचा, आणि चेंडू डोक्यावरून जायचा. तो घरी येऊन जिन्यावर बसायचा, बूट न काढता, आणि जिन्याच्या गालिच्यावर अतोनात जीव असलेल्या बाई त्याला काही बोलायच्या नाहीत. दर रविवारी तो आईला फोन करायचा. तिला सांगायचा की आपण खेळलो, छान खेळलो. बाईंना स्पॅनिश येत नव्हतं, पण आईला खोटं बोलणाऱ्या पोराचा आवाज कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

दुसऱ्या वर्षी हळूहळू जम बसला. थोडे गोल झाले. करार मात्र त्या उन्हाळ्यात संपणार होता. मार्चमधल्या एका शनिवारी उत्तरेकडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस त्याला पाहायला येणार, असं ठरलं. हा शनिवार साधला तर राहायचं, नाही तर पिलारला परत जाऊन मामाच्या लाकडाच्या वखारीत काम करायचं. हे त्याने बाईंना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांनी गणपतीपुढे नारळ ठेवून टाकला.

आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, घरचा फोन वाजला. अन्या सरावाला गेलेला. पलीकडे त्याची बहीण निमिया होती. भावाचा मोबाईल लागत नाही, एवढं तिने कसंबसं सांगितलं, आणि मग आई, हॉस्पिटल, फार वाईट, फोन कर, हेच शब्द पुन्हा पुन्हा. बाई हो हो म्हणाल्या.

आता इथे बाईंबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या नाशिकला कॉलेजात असताना ऐन परीक्षेत त्यांचे वडील गेले. मामांनी शेवटचा पेपर होईपर्यंत त्यांना कळू दिलं नाही. नंतर नातेवाईक मामांबद्दल वर्षानुवर्षं बोलत, काय धीराचा माणूस, पोरीचं वर्ष वाचवलं. बाईंनाही ते तसंच वाटत आलं. आपल्याकडे हे असंच करतात. पोराची परीक्षा असली की घरातली माणसं दु:ख पदराखाली झाकून ठेवतात, आणि त्यालाच माया म्हणतात. बाईंच्या लेखी शनिवार ही परीक्षा होती.

मुरलीधरराव म्हणाले, सांग त्याला, त्याची आई आहे, त्याचं त्याला ठरवू दे. उभ्या जन्मात बायकोला उलट न बोलणारा हा माणूस त्या दिवशी दोनदा हेच म्हणाला. बाईंनी ऐकलं नाही. एका दिवसाने काय होतंय, उद्या मॅच झाली की मीच सांगते, असं म्हणून त्यांनी फोनची वायर काढून ठेवली.

शनिवारी अन्याने दोन गोल मारले. दुसरा तर मैदानाच्या मध्यापासून एकटा पळत जाऊन. मुरलीधरराव मॅचला गेले होते, पण परत आले ते तोंड उतरवून. अन्या संध्याकाळी घरी आला. बाईंनी त्याला जेवू घातलं आणि मग सांगितलं. त्याने वायर जोडून फोन लावला, थोडं ऐकलं, आणि भिंतीला टेकून खाली बसला. आई गेली होती, तिथे सकाळ असताना, म्हणजे इथे मॅच चालू असताना.

तो वर जाऊन बॅग भरायला लागला. दुसऱ्या दिवशी विमानाने गेला. पुढच्या आठवड्यात निमियाचा फोन आला. कोणाकडून तरी घोकून घेतलेलं एकच इंग्रजी वाक्य तिने म्हटलं आणि ठेवून दिला.

"माझी आई त्याच्या आवाजाची वाट बघत मेली."

त्या दोन गोलांनी अन्याला मोठ्या क्लबमध्ये नेलं. पहिल्या वर्षी पेपरात फोटोबिटो आले. बाई दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर टेलिटेक्स्टचं, म्हणजे नुसत्या अक्षरांत निकाल दाखवणारं, पान लावून त्याचं नाव शोधायच्या. ऑफसाइड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याचा क्लब कुठल्या नंबरावर आहे ते झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. मग त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण तो पूर्वीसारखा पळू शकला नाही. एका क्लबने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, दर वेळी एक पायरी खाली. शेवटी तो अशा गावात खेळायला लागला जिथले निकाल टीव्हीवर येतच नाहीत. बाई तरी ते पान लावून बसायच्या.

या सगळ्या वर्षांत तो एकदाही आला नाही. नाताळला कार्ड यायचं, आत फक्त सही. मुरलीधरराव गेले तेव्हाही कार्डच आलं. यतीन म्हणाला, आई, आता बेसिंगस्टोकला चल, एवढ्या घरात एकटी काय करतेस. बाई गुडघेदुखीपासून शेजारणीपर्यंत वाटेल त्या सबबी सांगत राहिल्या. खरं कारण एकच होतं. अन्याला हाच पत्ता माहीत होता. तो कधीतरी येईल, माफ केलं म्हणेल, मग कुठेही जायला त्या तयार होत्या.

तो आला २००९च्या जूनमध्ये. लंगडत, केस विरळ झालेले, हातात फुलं. खेळ संपला होता. पिलारला कायमचा परत चालला होता. वडील म्हातारे झाले होते, निमिया त्यांना सांभाळत होती, आणि तो आता तिच्याच घरी राहणार होता.

बाईंनी पाच वर्षं मनात पाठ केलेली माफी सुरू केली. त्याने मध्येच थांबवलं.

"काकू, मला माहीत होतं."

बाईंना कळलं नाही.

"शुक्रवारी सकाळीच निमियाचा मेसेज आला होता. मी वाचला आणि मोबाईल बंद केला. फोन केला असता तर मला खेळता आलं नसतं. घरी आलो, तुमचा चेहरा पाहिला, तुम्हाला पण कळलंय हे समजलं. तुम्ही बोलला नाहीत. मला बरं वाटलं."

निमियाला त्याने सांगितलं होतं की मोबाईल बिघडला होता आणि घरमालकिणीने निरोप दिला नाही. तिने विश्वास ठेवला. वडिलांनी ठेवला. मग तो स्वतःही ठेवायला लागला, पण आपला दोष काकूंच्या माथी मारला होता, त्यामुळे इथे यायला त्याला तोंड राहिलं नव्हतं.

बाईंना संताप आला. मुरलीधरराव त्या शनिवारनंतर त्यांच्याशी पूर्वीसारखं कधी बोलले नाहीत, आणि तसेच गेले. याला सगळं माहीत होतं, हे आता कोणाला जाऊन सांगायचं? त्यांना वाटलं, याला दार दाखवावं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला धरून रडल्या. आपण सुटलो, असं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं. सांगायचं नाही, हे तर त्यांनीच ठरवलं होतं. त्याला माहीत नाही असं धरूनच त्या गप्प बसल्या होत्या.

परत आल्या तेव्हा तो तसाच बसला होता. म्हणाला, आता घरी पोचलो की पहिल्यांदा निमियाला खरं सांगणार आहे. तुमचं नाव मोकळं करणार आहे.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. तिशीही न गाठलेला, एका पायाने अधू, दुसरं काही काम न येणारा माणूस. त्याला जायला एकच घर होतं, आणि त्या घरात निमिया होती.

"तिला काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "माझंच नाव राहू दे."

"का, काकू?"

"मला तिच्या घरात राहायचं नाहीये. तुला राहायचंय."

तो खूप वेळ रडला. बाईंनी त्याला पाणी दिलं, आणि ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेल्या.