दादाच्या जीपमधली टिकली

ऐका, पण आधी एक कबूल करा. हे आर्णीच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. आर्णीत तर सगळ्यांना माहीतच आहे. स्टँडवरचा चहावाला मला कप देताना विचारतो, "हळद टाकू का?"

आता ही हळद कुठून आली, तेच सांगतो.

माझा दादा जीप चालवायचा. शाळेच्या पोरांची ने-आण, मध्ये वेळ मिळाला तर यवतमाळच्या सवाऱ्या. होळीच्या आधी दादा गेला. कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपलं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, आठवीत दोनदा बसलेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा. अचानक घरातला कर्ता पुरुष मी! तुम्हीच सांगा, असं कुठे असतं का?

जीप तीन महिने अंगणात उभी होती. शेवटी आमच्याकडेच राहणारी आत्या वहिनीला म्हणाली, "सुनबाई, विकून टाक ते लोखंड. नेरचा एक गिऱ्हाईक हाये माह्या ओळखीचा. रविवारी येते पाह्यला."

दादाचा टॉवेल अजून त्या सीटवर होता हो! मी छाती ठोकून म्हटलं, "कोणी विकत नाही. शाळा पुढच्या सोमवारी सुरू होते. पोरं मी नेतो."

वहिनी मग म्हणाली, "सोमवारी शाळेच्या दारात जायले गाडी रविवारीच तयार दिसली पाह्यजे, भाऊजी. नाहीतर रविवारचा गिऱ्हाईक मी वापस नाही पाठवत."

झालं. मी बादली घेऊन जीप धुवायला काढली. आतून पुसताना काय दिसलं? मीटरच्या डाव्या कोपऱ्यात वहिनीची एक मोठी मरून टिकली चिकटवलेली. दादाचं असंच असायचं, बाहेर सगळ्यांवर खेकसायचा आणि आत हे.

आता इकडे घरात आत्यानं वहिनीच्या टिकल्यांची पाकिटं आधीच उचलून कपाटात वर टाकली होती. मी विचार केला, ही टिकली वहिनीनं पाहिली तर रडेल. म्हणून हळूच नखानं काढली आणि माझ्या मोबाईलच्या पाठीवर चिकटवली. फेकवली नाही.

मग चावी फिरवली. इंजिन चालू झालं. आणि टिकलीच्या जागी, अगदी त्याच जागी, लाल दिवा!

ऑइलचा दिवा! मी तर घामानं भिजलो. ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली, ऑइल बरोबर. मग मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. एकूण अकरा. सगळे एकच सांगत होते, ऑइल भरपूर असून दिवा पेटतो म्हणजे प्रेशर कमी, आणि प्रेशर कमी म्हणजे इंजिनमधल्या बेअरिंग घासल्या.

दादाचा मेकॅनिक म्हणजे रफिकचाचा. मी फोन लावला, तर चाचा वणीला, भाचीच्या लग्नात.

"चाचा, ऑइलचं प्रेशर गेलं!"

मागे बँड वाजत होता. चाचा ओरडले, "हाथ मत लगाना! मी शुक्रवारी येतो. तवापर्यंत हात लावजो नको, बेटा!"

तो सोमवार होता. शुक्रवारपर्यंत थांबायचं? मी? मी तर भात शिजेपर्यंत थांबत नाही!

मंगळवारी मी जीपखाली शिरलो. दादाचे पाने होतेच. ऑइल काढलं, खालचं चेंबर उतरवलं, वरून हेड उतरवलं. अंगणात नट-बोल्टांची अशी रांग लागली की कोंबड्या वळसा घालून जाऊ लागल्या. पिस्टनच्या दांड्यांना अर्ध्या गोल बेअरिंग असतात, एका दांडीला दोन, चार दांड्यांच्या चार जोड्या. व्हिडिओत बजावून सांगितलं होतं, जी जिथून काढली तिथेच परत बसवा, अदलाबदल करू नका.

मी इथे डोकं चालवलं. घरात अशी कोणती वस्तू आहे जिच्यात वेगवेगळे खण असतात? वहिनीचा मसाल्याचा डबा! सात वाट्या! हळद, तिखट, जिरं, मोहरी कागदावर ओतली. पहिल्या दांडीची जोडी हळदीच्या वाटीत, दुसरीची तिखटाच्या, तिसरीची जिऱ्याच्या, चौथीची मोहरीच्या. याला म्हणतात हुशारी! आठवी नापास असलो म्हणून काय झालं?

मी हात धुवायला विहिरीवर गेलो. पाच मिनिटं, फक्त पाच! परत आलो तर आत्या मोरीत डबा घासून राहिली होती.

"आत्या! त्याच्यातलं कुठी गेलं?"

"ते काळं भंगार? ठुलं ना बाप्पा परातीत. काहून रे, तुले सैपाकाच्या डब्यातच भेटते का जागा?"

परातीत आठ तुकडे. सगळे सारखे. कोणता कोणाचा, देवाला ठाऊक! मी एक-एक हुंगून पाहिला. खोटं कशाला सांगू, दोन तुकड्यांना तिखटाचा वास येत होता आणि दुसऱ्या दोनांवर पिवळा डाग होता. त्यावरून चार लावले. उरलेले चार अंदाजानं.

गुरुवारी संध्याकाळी सगळं पुन्हा बसवलं. तीन बोल्ट उरले, ते खिशात घातले. गल्लीतल्या सहा जणांनी धक्का मारला, जीप खोकली, थुंकली आणि चालू झाली. मी वाकून मीटर पाहिलं.

लाल दिवा. तसाच!

मी दादाच्या टॉवेलमध्ये तोंड घातलं आणि तिथेच रडलो. गल्लीतली सहा माणसं बघत होती, तरी.

शुक्रवारी चाचा लग्नाच्या मेंदीसकट हजर. दार उघडून आत डोकावले आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"इथली टिकली कुठी गेली?"

"मी काढली."

"काहून?"

"वहिनीनं पाह्यली असती म्हणून..."

चाचा पायरीवर बसले. "अरे बाबा! प्रेशर सांगणारा स्विच चार सालापासून खराब हाये. दिवा पेटूनच राह्यते. गेज लावून पाह्यलं होतं मी, प्रेशर एक नंबर होतं. तुह्या भावाले म्हटलं, छोटासा स्विच हाये, बदलून टाकतो. तर म्हणे, राहू द्या चाचा, आणि तिकडून बायकोची टिकली आणून चिकटवली दिव्यावर!"

मी म्हणालो, "म्हणजे इंजिन चांगलंच होतं?"

"होतं." चाचांनी त्या शब्दावर जरा जोरच दिला. त्यांनी स्विच काढला, त्या जागी गेज लावलं आणि गाडी चालू केली. काटा उठला, थोडा विचारात पडला आणि परत झोपला.

"ले! पहिले दिवा खोटं बोलत होता, बेटा. तू इंजिन खोलून त्याले खरं केलं!"

मग ते खाली शिरले, चेंबर उतरवलं, एक बेअरिंग हातात घेतली आणि नाकाजवळ नेली. "पप्पू, तू इंजिन खोललं का भाजी टाकली?"

अंगणात जे हसले ते मी मोजले नाहीत. आत्या सर्वांत जोरात.

चाचा म्हणाले, "सस्त्यात काम करायचं एकच तंत्र. आधी मोजायचं, मग जे बिघडलं तेवढंच बदलायचं. जे चांगलं हाये त्याले हात नाही लावायचा." पिस्टन जुनेच ठेवले, पंप जुनाच, फक्त बेअरिंगचा नवा सेट आणि तो छोटा स्विच यवतमाळहून मागवला. माझ्या खिशातले तीन बोल्ट हात पुढे करून मागून घेतले. मजुरी घेतली नाही, पण आठ दिवस गॅरेज झाडायचं कबूल करून घेतलं.

रविवारी दुपारी नेरचा गिऱ्हाईक आला. त्यानं जीपखालून बाहेर आलेले चार पाय पाहिले, हळदीची गोष्ट गल्लीतच ऐकली होती, आणि चहा पिऊन तो निघून गेला.

संध्याकाळी चाचांनी चावी फिरवली. दिवा पेटला, आणि विझला! चार वर्षांत पहिल्यांदा.

वहिनी दारात उभी होती. तिनं पुढे येऊन माझ्या मोबाईलच्या पाठीवरची टिकली नखानं काढली, कपाळाला लावून पाहिली. "गोंद गेला इचा," म्हणाली आणि आत गेली. कपाटाचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळावर नवी टिकली होती, तेवढीच मोठी, तसलीच मरून. आत्यानं तोंड उघडलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, बंद केलं.

सोमवारी सकाळी जीप शाळेच्या दारात होती.

तर असं. आता सगळं ठीक चाललं आहे. फक्त काल हॉर्न वाजेना. वहिनी भाकरी थापत होती. मी एवढंच विचारलं, "वहिनी, दादाचे पाने कुठी ठुले?"

वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन उठली आणि जाऊन जीपच्या बॉनेटवर बसली.