आईपासून दहा फूट

मी आठवीत शाळा सोडली. शहरात आलो तेव्हा गारखेड्यातल्या एका सरांनी मला त्यांच्या ऑफिसात ठेवून घेतलं, कॉम्प्युटर शिकवला. ते आठवलं की आजही हात आपोआप जोडले जातात. तरी सरांनी हाक मारली की आधी हातातलं काम सेव्ह करतो. वाटतं, आता कामावरून काढतात.

आमचं काम बिल्डरांच्या इमारतींची चित्रं करायचं. पडेगावच्या रिकाम्या प्लॉटचा फोटो येतो, त्यात न बांधलेली इमारत उभी करायची. ती खरी वाटायची तर फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची भिंगं कॉम्प्युटरात जशीच्या तशी घडवावी लागतात. कडेला रेषा किती वाकतात, कोपरे किती काळवंडतात, सगळं. "काचेची खोड उतरली पाहिजे," सर म्हणतात.

गेल्या साली आई गेली. आमचं गाव किनवटकडं. मी मातीला पोचलो नाही. वर्षश्राद्ध तोंडावर आलं तसा भावाचा फोन आला. आईचा धड फोटो एकच, तोही मी काढलेला. मेंढरांपाशी ती "सरक तिकडं" म्हणत हसत होती नि मी मोबाइल पार तिच्या तोंडाजवळ नेला होता.

"नाक बघ केवढं आलंय," भाऊ म्हणाला. "इमारती सरळ करतूस, आईला कर की सरळ."

मोबाइलच्या भिंगाचा बाक काढला. पदराचा काठ सरळ झाला, नाक तसंच. तेवढ्यात सर मागं येऊन उभे राहिले. ऑफिसात घरचं काम, संपलं, मनात म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढली.

"ही काचेची चूक नाही रे. तू लई जवळ होतास. चेहरा थ्रीडीत घडव अन् कॅमेरा मागं घे."

जेवणाच्या सुट्टीत बसून घडवला. गालाचं हाड, कपाळावरचं गोंदण. त्यावर फोटो चढवला आणि कॅमेरा दहा फूट मागं नेला. नाक बसलं, कान दिसू लागले. नीटनेटकी, चारचौघींसारखी आई. पाठवून दिली.

आमचे वडील, आबा, कधी फोनवर येत नाहीत, त्या दिवशी आले.

"दोन्ही बघितले. काम चांगलं हाय तुझं."

"मग फ्रेमला टाकायचा?"

"नगं. ह्या नव्यात ती कुणाकडं बघून हासतीया, कळंना. पाव्हण्यानं काढल्यावाणी दिसतंय. पहिलाच लावू."

"नाकासकट?"

"नाक हुतंच तिचं मोठं. तुझं बी तसलंच हाय."

घरी पहिलाच लागला. थ्रीडी चेहऱ्याची फाइल माझ्याकडं आहे. कॅमेरा हळूहळू पुढं सरकवला की कान गालांमागं जातात, नाक वाढतं आणि एका जागी तिची नजर बरोबर माझ्यावर येते. तिथं मी हात थांबवतो.

परवा तसाच बसलो होतो, तर सरांनी आतून विचारलं, पडेगावचं कुठवर आलं.

"होतच आलं, सर," म्हणालो. फाइल मिटली नाही. स्क्रीनवरची इमारतीची खिडकी तिच्यावर ओढून घेतली.